पेडलमधला पॉवर मीटर, पन्नाशीनंतर : एका अख्ख्या हंगामाचा अनुभव

पाय किती जोर लावतायत ते वॅटमध्ये मोजणारा, दोन्ही पेडलमध्ये सेन्सर असलेला पॉवर मीटर मी बेस ट्रेनिंगच्या (शर्यतींआधी पाया घडवण्याच्या) महिन्यांपासून थेट शेवटच्या शर्यतीपर्यंत वापरला. माझं वय ५३, महिलांच्या ५०-५४ वयोगटात उतरते, मुख्यतः ऑलिम्पिक आणि त्याहून लांब हाफ अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग शर्यतीत. त्याआधीची सगळी वर्षं हार्ट रेटचा पट्टा आणि अंगाचा अंदाज यावर सायकल चालवली. मॉडेलचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते कुठल्याही चांगल्या दोन-बाजूंच्या मीटरला लागू आहे. पॉवर मीटर बहुतेक जण ताकद वाढवायला घेतात. या वयात मला त्याचा सगळ्यात मोठा उपयोग झाला तो जोर आवरायला. सायकलवर जोर आवरता आला की धावायला पाय शिल्लक राहतात, आणि हाफमध्ये ९० किलोमीटर सायकलनंतर २१.१ किलोमीटर धावायचं असतं.

आधी बसवण्याचं बोलू. पेडलच्या आसात स्ट्रेन गेज असतात. पाय दाबला की आस अगदी सूक्ष्म वाकतो आणि त्या वाकण्यावरून बल मोजलं जातं. बल, क्रँकची (पेडल ज्याला लावतात त्या दांड्याची) लांबी आणि फिरण्याचा वेग यांच्या गुणाकारातून वॅट निघतात. १९८६ साली जर्मनीत उल्रिख शोबेरर यांनी क्रँकवर मोजणारा पहिला पॉवर मीटर बनवला, त्यामागचं तत्त्वही हेच होतं. गुणाकारात क्रँकची लांबी आहे, म्हणून ॲपमध्ये ती बरोबर भरणं फार महत्त्वाचं. माझ्या पेडलच्या ॲपमध्ये १७२.५ मिलिमीटर आधीच भरून आलं होतं आणि माझे क्रँक १६५ चे आहेत. तसंच ठेवलं असतं तर प्रत्येक आकडा साडेचार टक्क्यांनी फुगून आला असता. एरोबारवर (कोपरं टेकायच्या पुढच्या दांड्यांवर) वाकून बसताना कमरेत जागा मिळावी म्हणून आमच्या वयाचे बरेच जण आता आखूड क्रँक लावतात, त्यांनी हे पहिल्याच दिवशी तपासावं.

दुसरी सवय झिरो ऑफसेटची, म्हणजे पेडलवर जोर नसताना मीटरचं शून्य नीट लावून घेण्याची. धातू तापमानाप्रमाणे आकसतो, प्रसरण पावतो, त्यामुळे घरातून बाहेर काढलेली सायकल हवेत दहा-पंधरा मिनिटं उभी राहू द्यायची आणि मगच कॅलिब्रेट करायचं. पेडल काढून पुन्हा लावले असतील तर आधी उभं राहून चार-पाच जोरदार फेरे मारायचे, पेडल नीट बसतात. कॅलिब्रेट करायला अर्धं मिनिट जातं, आणि ते टाळलं तर मागच्या महिन्याच्या आकड्याशी आजच्या आकड्याची तुलनाच करता येत नाही.

आता एफटीपी. साधारण तासभर टिकवता येईल अशी पॉवर, आणि ती काढायची प्रचलित पद्धत म्हणजे २० मिनिटं जीव तोडून चालवायचं आणि सरासरीचे ९५ टक्के घ्यायचे. माझी सरासरी २०० आली, म्हणजे एफटीपी १९० वॅट. ही चाचणी पन्नाशीनंतर महाग पडते. चाचणीचा दिवस तर जातोच, पुढचे तीन दिवसही जड पायांनी जातात. म्हणून मी ती हंगामात मोजक्याच वेळा केली. मधल्या काळात १७५ वॅटवर दहा-दहा मिनिटांचे तीन इंटरव्हल करायचे आणि शेवटच्या मिनिटातला हार्ट रेट टिपून ठेवायचा. तोच वॅट, तोच पंखा, तीच खोली, आणि हृदयाचे ठोके चार-पाच कमी झाले की फिटनेस वाढला. एवढं मला पुरतं. दर महिन्याला एफटीपी चाचणी करा असं सांगणारे प्लॅन तिशीतल्या शरीरासाठी लिहिलेले असतात असं माझं स्पष्ट मत आहे.

हार्ट रेटचा पट्टा मी काढून टाकलेला नाही आणि कुणी काढूही नये. २२० उणे वय या सूत्राने माझा कमाल हार्ट रेट १६७ येतो, २०८ उणे वयाच्या ०.७ पट या सूत्राने १७१, आणि प्रत्यक्षात चढावर मी १७८ पाहिलेला आहे. सूत्रं मोठ्या गटाची सरासरी सांगतात, एकेका माणसात दहा-दहा ठोक्यांचा फरक सहज असतो. शिवाय हृदय उशिरा प्रतिसाद देतं. चढ सुरू झाल्यावर पॉवर त्याच क्षणी दिसते, ठोके मागाहून मिनिटभराने वर येतात, तोवर पायांनी जे करायचं ते करून टाकलेलं असतं. पण पॉवर आणि ठोके शेजारी-शेजारी ठेवले की जे दिसतं ते एकट्या कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

उदाहरण देते. तीन तासांची लांब राइड, पूर्ण वेळ १३० वॅट. थंड हवेत पहिल्या दीड तासात सरासरी १३२ ठोके, दुसऱ्या दीड तासात १३७. म्हणजे एका ठोक्यामागे मिळणारे वॅट पावणेचार टक्क्यांच्या आसपास घसरले. पाच टक्क्यांच्या आत घसरण असेल तर त्या अंतरासाठी एरोबिक पाया तयार आहे असं प्रशिक्षक धरतात. तीच राइड उन्हाळ्यात केली तेव्हा १३२ वरून ठोके १४४ वर गेले, घसरण आठ टक्क्यांच्या वर. पायांना काहीच वाटत नव्हतं! घामाने रक्तातला द्रव कमी होतो, त्वचेकडे जास्त रक्त वळतं, एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं आणि ती कसर हृदय ठोके वाढवून भरून काढतं. हे पुस्तकी ज्ञान होतं, स्वतःच्या फाइलमध्ये दोन रेषा फाकताना पाहिल्यावर ते अंगी लागलं. तेव्हापासून उष्ण दिवशी मी ठरलेल्या पॉवरमधून आठ-दहा वॅट सुरुवातीलाच वजा करते.

खाण्यापिण्याचा हिशोबही या पेडलांनी बदलला, आणि हे कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं. पेडलवर केलेलं एक किलोज्यूल काम म्हणजे ढोबळमानाने शरीराने जाळलेली एक किलोकॅलरी, कारण आपली कार्यक्षमता वीस ते पंचवीस टक्क्यांच्या दरम्यान असते आणि एका किलोकॅलरीत ४.१८ किलोज्यूल असतात. १४५ वॅटने तीन तास म्हणजे सुमारे १५६६ किलोज्यूल. दीड हजारांहून जास्त कॅलरी गेल्यावर दोन एनर्जी जेलवर हाफ मॅरेथॉन धावायला निघणं म्हणजे पायांशी वैर. मी तासाला ६० ग्रॅम कार्बोहायड्रेटवर आले, पोटाला सवय करत करत, आणि रोजच्या राइडनंतरचं जेवणही किलोज्यूल बघून वाढवलं. आमच्या वयोगटातल्या बायका वजनाच्या धास्तीने कमी खातात आणि मग महिनोन्महिने थकवा का जात नाही म्हणून विचारतात. त्यांना मी आधी हा आकडा बघायला सांगते.

आता शर्यत, कारण त्यासाठीच हे सगळं. हंगामातली मुख्य हाफ चढउताराच्या मार्गावर होती. पाण्यातून बाहेर पडल्यावर पहिली पंधरा मिनिटं फसवी असतात. पोहताना पायांनी फारसं काम केलेलं नसतं, ठोके आधीच वर गेलेले असतात, सगळीकडून सायकली सुटत असतात आणि अंगात नुसता उत्साह भरलेला असतो. मी एरोबारवर टेकले, आरामात चालवतेय असं वाटत होतं आणि स्क्रीनवर १८५ दिसत होतं, म्हणजे जवळजवळ एफटीपी. गिअर हलका केला, श्वास सोडला, १४५ वर आणलं. १४५ वॅट त्या घडीला इतके कमी वाटतात की मीटर बिघडलाय अशी शंका येते. या पंधरा मिनिटांसाठीसुद्धा हे यंत्र घ्यायला मी तयार आहे.

पुढचा प्रश्न चढांचा. समजा अर्धा वेळ चढावर २०० वॅट आणि अर्धा वेळ उतारावर १०० वॅट, अशी लांब लांब चढउतारांची राइड झाली. साधी सरासरी १५० येते. पण शरीराला ती १५० ची पडत नाही. शरीरावर खरोखर पडलेला भार दाखवणारी नॉर्मलाइज्ड पॉवर काढताना ३० सेकंदांच्या सरकत्या सरासरीचा चौथा घात घेतात, त्यांची सरासरी काढून पुन्हा चतुर्थ मूळ काढतात, आणि या राइडची ती येते १७१. माझ्या १९० च्या एफटीपीला १५० म्हणजे ७९ टक्के, हाफमध्ये पेलता येण्याजोगं. १७१ म्हणजे ९० टक्के. तेवढ्यावर सायकल संपते, धावणं संपत नाही. हा फरक कळल्यापासून चढावर माझी कमाल मर्यादा १७० वॅट ठरलेली आहे, सपाटीवर १४५. चढावर थोडं जास्त देणं योग्यच, कारण सपाटीवर वेग वाढला की हवेविरुद्ध लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते. दहा टक्के जास्त वेगाला हवेपुरती तेहतीस टक्के जास्त पॉवर. चढावर वेग कमी असतो, तिथे दिलेला वॅट वाया जात नाही. पण 'थोडं जास्त' म्हणजे किती, हे अंगाच्या अंदाजावर सोडलं तर ते दर चढागणिक वाढत जातं.

त्या शर्यतीत प्रत्येक चढावर मला माझ्याच वयोगटातल्या दोघी मागे टाकून जात होत्या. माथ्यावर पोचल्या की त्या दम घ्यायला पाय थांबवायच्या. मी माथ्यावर सोडत नव्हते, सायकलने उताराचा वेग घेईपर्यंत तेच १७० रेटत होते, आणि दर वेळी तिथे त्यांच्या पुढे जात होते. ड्राफ्टिंगबंदीचे, म्हणजे पुढच्या सायकलच्या आडोशाने न चालवण्याचे, नियम इथे पाळावे लागतात. आयर्नमॅन या ट्रायथलॉन मालिकेच्या नियमांत वयोगटातल्या स्पर्धकांना पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवायचं असतं आणि त्या पट्ट्यात शिरलं की २५ सेकंदांत पुढे जायचं असतं. तेवढ्यापुरते २०० वॅट द्यावेच लागतात. अख्ख्या राइडच्या हिशोबात २५ सेकंद विरून जातात, त्यामुळे एखाददुसऱ्या ओव्हरटेकची चिंता करू नये. तासात वीस वेळा केलं तर मात्र हिशोब मांडीच्या स्नायूंवर चढतो.

सायकलचा माझा वेळ आधीच्या वर्षीपेक्षा दोन-तीन मिनिटांनीच बरा आला. धावण्यात मात्र शेवटचे पाच किलोमीटर पहिल्या पाचांच्या जवळपास त्याच गतीने झाले. चौदाव्या किलोमीटरला एरवी मांड्या दगडासारख्या व्हायच्या आणि पावलं आखूड पडायची. या वेळी चौदा आला आणि गेला, मी पाण्याच्या टेबलाकडे बघत होते. त्या दोघींपैकी एकीला सोळाव्या किलोमीटरला गाठलं.

पेडलना काय कळत नाही तेही सांगितलं पाहिजे. प्रशिक्षणाचा भार मोजणाऱ्या गुणांमध्ये एफटीपीवरचा एक तास म्हणजे १००, वय काहीही असो. पण त्याच १०० मधून सावरायला पन्नाशीत जास्त दिवस लागतात. वेगवान स्नायूतंतू वयाप्रमाणे आधी झिजतात, खाल्लेल्या प्रथिनांना स्नायू पूर्वीसारखे दाद देत नाहीत. रजोनिवृत्तीच्या काळात झोप मोडते, रात्री अंगाची लाही होते, आणि दुसऱ्या दिवशी १४५ वॅट तेच असले तरी ते १६५ वाटतात. अशा दिवशी मी स्क्रीन बंद करून हलकं चालवते. आठवड्याच्या चौकटीऐवजी दहा दिवसांची चौकट घेतली, त्यात तीन कठीण सत्रं आणि दोन वेळा वजनं उचलणं. वजनं वगळायची नाहीत, कारण पोहणं आणि सायकल दोन्हींत हाडांवर भार जवळजवळ येत नाही आणि या वयात बायकांची हाडं वेगाने घनता गमावतात.

तक्रारी आहेत. बटण सेलचं झाकण नाजूक आहे, आटे सहज खराब होतात, आणि झाकण सैल राहिलं की खडबडीत रस्त्यावर पॉवर मध्येच शून्य दाखवते. सेल संपत आल्याची सूचना फार उशिरा येते. मी महत्त्वाच्या शर्यतीआधी सरळ नवे सेल घालते. डाव्या-उजव्या पायाचा तोल दाखवणारा आकडा पहिले काही आठवडे मनाला फार लागला. माझा ५२-४८ येतो, थकल्यावर ५३-४७. फिजिओथेरपिस्टने दुखत काही नसेल तर छेडू नका म्हटलं, तेव्हा तो आकडा स्क्रीनवरून काढला. मात्र याच कारणासाठी एका बाजूचा स्वस्त मीटर मी घेणार नाही, कारण तो डाव्या पायाचं मोजून दुप्पट करतो, आणि थकल्यावर तोल सरकला की एकूण आकडाही चुकीच्या दिशेने सरकतो.

घ्यावा का? ऑलिम्पिक किंवा त्याहून लांब अंतर करणार असाल, स्पर्धेचा मार्ग चढउताराचा असेल आणि धावताना शेवटच्या टप्प्यात गती कोसळत असेल, तर दुसऱ्या कुठल्याही महागड्या वस्तूच्या आधी घ्या, कार्बन चाकांच्याही आधी. पहिल्याच वर्षी स्प्रिंट (ऑलिम्पिकहून छोटं अंतर) करणार असाल तर थांबा. त्यातल्या २० किलोमीटर सायकलला एवढा हिशोब लागत नाही, ते पैसे पोहण्याच्या शिकवणीला आणि नीट बाइक फिटिंगला जास्त कामी येतात. घेतलात तर शर्यतीच्या स्क्रीनवर चारच आकडे ठेवा: तीन सेकंदांची पॉवर, लॅपची नॉर्मलाइज्ड पॉवर, कॅडेन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) आणि हार्ट रेट. सरासरी वेग काढून टाका. वारा समोरून आला की वेगाचा आकडा खाली पडतो आणि पाय नको तिथे जोर लावू लागतात.