माळ्यावरचं ग्लासवूल, पाच महिन्यांनंतर: माल चोख, झाकण उघडं

घरातली ऊब छतातून निसटू नये म्हणून माळ्यावर ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकरीसारखी गादी, अंथरून घेतली, तिचा हा अभिप्राय. माळा ५० चौरस मीटर, तुळयांच्या मध्ये १०० मिलीमीटर, वर आडवा १७० चा थर. पाच महिन्यांत वूल दबलेलं नाही, ओल धरलेली नाही. छताच्या कडेला हवेसाठी ५० मिलीमीटर फट सोडलीय, तीही नीट. मालाबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती माळ्यावर चढायच्या झाकणाची. कारागीर सगळा माळा गादीसारखा झाकून गेले आणि १२ मिलीमीटर प्लायवूडचं झाकण तसंच ठेवलं. जेमतेम ०.४ चौरस मीटरचं ते. एवढ्याशा झाकणाचं काय घेऊन बसायचं? हिशोब बघा. आत-बाहेर २० अंशांचा फरक असेल तर अख्ख्या माळ्यातून साधारण १५५ वॅट जातात, आणि एकट्या झाकणातून २७! क्षेत्रफळ सव्वाशेवा हिस्सा, गळती सहाव्या हिश्शाएवढी. फटीतून वर जाणारी गरम हवा यात धरलेलीच नाही. ती हवा बाष्पही नेते, म्हणून छताला आतून थेंब दिसले की ते आधी झाकणाच्या वर शोधावेत.

दुरुस्ती तासाभराची. झाकणाच्या वरच्या अंगाला १०० मिलीमीटरचा पीआयआर फोम बोर्ड (उष्णता अडवणारा कडक फोमचा पत्रा) चिकटवायचा, चौकटीत अडकू नये म्हणून चारी बाजूंनी थोडा लहान कापून. चौकटीच्या ओठावर दबणारी रबरी पट्टी. आता खरी मेख: हलक्या झाकणाच्या वजनाने पट्टी दबत नाही, त्यामुळे खाली ओढून धरणाऱ्या दोन कड्या लागतातच. त्या नसतील तर पट्टी नुसती शोभेला. मग उदबत्ती कडेने फिरवा, धूर वर खेचला गेला तर तिथे फट आहे.

थर ४०० मिलीमीटरपर्यंत वाढवा, असा आग्रह विक्रेत्याने धरला होता. त्यातून वाचले असते सुमारे ५० वॅट, आणि त्यासाठी साडेसहा घनमीटर वूल! निम्मी बचत हा फोमचा एक तुकडाच देतो.

पहिल्या महिन्यानंतर दोनच तारे दिले होते, कारण बिल हललं नव्हतं. ते मागे घेतो. तो महिनाच जास्त गारठ्याचा होता. रोज बाहेरचं सरासरी तापमान १८ अंशांपेक्षा जितकं कमी, त्या आकड्यांची महिन्याची बेरीज करून जळालेल्या युनिटना त्या बेरजेने भागलं, तेव्हा घट स्वच्छ दिसली. नुसतं बिलाला बिल लावून बघणं फसवं. आता चार तारे. पाचवा झाकणाने खाल्ला.

विजेच्या तारा वूलखाली गाडू नका, तापतात. आणि माळा आता आधीपेक्षा थंड राहतो, तेव्हा तिथल्या पाण्याच्या नळ्यांवर फोमच्या नळकांड्या चढवा. टाकीला वरून आणि बाजूंनी गुंडाळा, पण तिच्या खाली वूल घालू नका. खालून येणारी थोडी ऊबच तिला गोठू देत नाही.