घरच्या धंद्याचा खर्च दाखवून पगारातून कापलेला कर (टीडीएस) परत मिळत नाही

५२,००० रुपयांचा आयकर रिफंड जमा झाला त्याच दिवशी मला खटकायला हवं होतं. नोकरी सांभाळून घरी शिवणकाम करणाऱ्या बाईला तेवढा रिफंड येईल कुठून? माझ्या रिटर्नला लागू असलेल्या आयकर कायदा १९६१ चं कलम ७१(२अ) स्पष्ट आहे: धंद्यातला तोटा पगारातून वजा होत नाही. बँकेच्या व्याजातून होतो, रिटर्न मुदतीत भरलं असेल तर उरलेला तोटा पुढची ८ वर्षं धंद्याच्याच नफ्यातून वजा करता येतो. पगारातून नाही म्हणजे नाही.

"ताई, घरभाडं, लाइट बिल, मशीन, सगळं खर्चात टाकू. जो रिफंड येईल त्याचे २० टक्के माझे," असं माझं रिटर्न भरून देणारा माणूस म्हणाला होता. म्हणजे १०,४०० आणि वर १,५०० फी. हे ११,९०० रुपये मी त्याला यूपीआयने दिले. टक्केवारी मागणारा माणूस दिसला की तिथूनच परत फिरा. रिटर्नच्या कामाला रिफंडवर टक्केवारी घेण्याची सीएंना मनाई आहे, आणि हा तर सीए नव्हताच. सीए संस्थेचा सदस्यत्व क्रमांक मागितला असता तर तेव्हाच कळलं असतं.

मी काही खोटं सांगितलं नव्हतं. विक्री अडीच लाख सांगितली, ती खरी. बिलं दिली, तीही खरी. त्याने वर्षाचं घरभाडं १,४४,०००, मशीन ४८,०००, लाइट बिल ३१,००० आणि कापड-दोरा ९५,००० असा ३,१८,००० खर्च लावून ६८,००० तोटा दाखवला. यातलं निम्मंअधिक चूक आहे. सहाशे चौरस फुटांच्या घरात नव्वद चौरस फुटांवर काम होत असेल तर भाड्याचे १५ टक्केच धरता येतात, म्हणजे २१,६००. त्याच भाड्यावर एचआरए (घरभाडे भत्त्याची सूट) घेतला असेल तर तो भाग पुन्हा खर्चात दाखवता येत नाही. मशीन एकदम खर्चात जात नाही, त्यावर वर्षाला १५ टक्के घसारा (झिजेपोटी वजावट) मिळतो. १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर निम्मा, म्हणजे ३,६००. एका दिवसात एकाच दुकानदाराला दहा हजारांहून जास्त रोख दिली तर तो खर्चही जातो. खरं तर एवढ्या धंद्याला छोट्या धंद्यांसाठीचं कलम ४४एडी पुरेसं होतं: रोख विक्रीच्या ८ टक्के, म्हणजे २०,००० नफा दाखवायचा, खर्चाचा हिशेब मांडायचाच नाही. माझ्या २० टक्क्यांच्या टप्प्यात त्यावर उपकरासह ४,१६० रुपये कर झाला असता. फक्त ४,१६०!

रिफंड त्या तोट्यातून आलाच नव्हता. रिटर्नची पीडीएफ मी उघडली ती वर्षभराने. वजावटींमध्ये कलम ८० जीजीसी, राजकीय पक्षाला देणगी: १,५०,०००. मी एक रुपया दिलेला नाही, तरी समोर तारीख आणि व्यवहार क्रमांकसुद्धा भरलेला. खाली ८० डीडीबी, आजारपणाचा खर्च: १,००,०००. घरात असा आजारी कोणी नाही. दोन्ही मिळून अडीच लाखांची खोटी वजावट, त्यावर उपकरासह २०.८ टक्के, बरोबर ५२,०००.

आणि तो फोन. रात्री पावणेदहाला: "ताई, ओटीपी आलाय तो सांगा, फक्त सबमिट करायचंय." तो ई-व्हेरिफिकेशनचा ओटीपी होता. ती माझी सही होती, आणि रिटर्न न वाचता मी ती फोनवर देऊन टाकली. व्हेरिफिकेशनला ३० दिवस मिळतात, घाई कसलीच नव्हती. आधी पीडीएफ मागा, वजावटींचं पान वाचा, मग ओटीपी स्वतः टाका.

आयकर पोर्टलवर ईमेल त्याने स्वतःचा टाकलेला, म्हणून विभागाचे संदेश मला दिसलेच नाहीत. १४ जुलै २०२५ ला देशभरात १५० ठिकाणी अशा रिटर्नवाल्यांवर कारवाई झाली, तेव्हा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने हीच पद्धत सांगितली: तात्पुरते ईमेल बनवायचे, काम झालं की सोडून द्यायचे, नोटिसा न वाचताच पडून राहतात.

मग मी दारोदार फिरले. पोलीस ठाण्यात सांगितलं, ओटीपी तुम्ही दिला, पैसे तुम्ही पाठवले, हे आयकरवाल्यांचं काम. कर कार्यालयात सांगितलं, रिटर्न तुमच्या नावाचं, जबाबदारी तुमची, त्या माणसाचं काय ते पोलिसांना विचारा. दोन्हीकडे लेखी अर्ज दिला. एकाची पोच मिळाली, दुसऱ्याची तीही नाही. त्याचा फोन नंबर, यूपीआय आयडी, ईमेल, सगळं माझ्या हातात आहे आणि कोणालाच ते नको आहे. माझ्याकडून मात्र व्याजासह वसुली बिनबोभाट होते. त्याने किती जणांची रिटर्न अशी भरली हे शोधायला एक शिपाईसुद्धा हलला नाही, याचा संताप आजही जात नाही.

शेवटी अपडेटेड रिटर्न, म्हणजे जादा कर देऊन चूक सुधारणारं रिटर्न, भरलं. ५२,००० परत, ४,१६० कर, त्यावर २५ टक्के जादा कर १४,०४०. एकूण ७०,२००, व्याज आणि व्याजावरचा २५ टक्के जादा कर वेगळा. त्याला दिलेले ११,९०० आणि हे १४,०४० मिळून २५,९४० बुडाले. हेच विभागाने आधी पकडलं असतं तर चुकीची माहिती दिल्याबद्दल कलम २७०अ खाली कराच्या २०० टक्के दंड लागू शकला असता. म्हणून नोटिशीची वाट बघत बसू नका.

आज रात्रीच पोर्टलवर लॉगिन करा. प्रोफाइलमधला ईमेल आणि मोबाइल तुमचाच आहे का बघा, पासवर्ड बदला. जुनी रिटर्न डाउनलोड करून वजावटींची एकेक ओळ वाचा. फॉर्म १०-आयईए भरलेला दिसला तर तुमच्या नावावर बहुधा जुनी करप्रणाली निवडली आहे, आणि धंद्याचं उत्पन्न असेल तर तिथून नवीन प्रणालीत परतायची संधी एकदाच मिळते.