सेट की बी.एड.? शिकवण्याचे ठरवलेल्या पदवीधरासाठी

पदवीनंतर शिकवण्याच्याच क्षेत्रात जायचे, एवढे ज्यांचे नक्की झाले आहे, त्यांच्यापुढे सहसा दोन वाटा असतात. एम.एस्सी. करून सेट (राज्यस्तरीय) किंवा नेट (राष्ट्रीय) ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हायचे आणि वरिष्ठ महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकपदाची वाट पाहायची, ही एक, बी.एड. करून शाळेत जायचे, ही दुसरी. मी गणिताचा पदवीधर. आधी पहिल्या वाटेने गेलो आणि चार वर्षांनी दुसरीकडे वळलो. प्रवेशाची व परीक्षांची प्राथमिक माहिती सर्वांना असतेच, म्हणून ती येथे पुन्हा देत नाही.

पहिल्या वाटेचे खरे सुख विषयात आहे, हे आधीच मान्य करतो. तृतीय वर्षाच्या अकरा मुलांसमोर रिअल अ‍ॅनालिसिस शिकवताना जो आनंद मिळत असे, तो शाळेत त्या रूपात मिळत नाही. पात्रतेचा प्रश्नही पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी.ची सक्ती उरलेली नाही आणि सेट, नेट ही किमान अर्हता पुरेशी धरली जाते. परीक्षा देणाऱ्यांपैकी साधारण सहा टक्केच सेटला पात्र ठरतात, म्हणून ती अवघड वाटते. पण नीट अभ्यास करणाऱ्याला ती साधते. अडचण त्यानंतर सुरू होते. ५७,७०० रुपये मूळ वेतनाने सुरू होणारी कायम जागा निघेपर्यंत बहुतेकांना तासिका तत्त्वावर काम करावे लागते, आणि माझा निर्णय तिथेच झाला.

ही नेमणूक सत्रापुरती असते आणि मानधन झालेल्या तासांचे मिळते. मला आठवड्याला नऊ तासिका होत्या. गणपतीची सुट्टी, अंतर्गत परीक्षा, युवक महोत्सव अशा कारणांनी वर्ग भरला नाही की त्या दिवसाचे मानधन नाही. महिनाअखेरीस छापील तक्त्यात तारीख, वर्ग आणि शिकवलेला घटक लिहायचा, विभागप्रमुखांची सही घ्यायची आणि देयक मंजूर होण्याची वाट पाहायची. एवढे कदाचित मी निभावून नेले असते. जे निभले नाही ते दिसायला फार किरकोळ होते, आणि ते म्हणजे दरवर्षीची मुलाखत. चौथ्या वर्षी मी मुलाखतीसाठी बाहेरच्या बाकावर बसलो असताना शिपाईमामांनी सवयीने विभागाच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली, कारण आदल्या सत्रात ती माझ्याकडेच असे. किल्ली खिशात घालून आत गेलो. ज्या सरांबरोबर दोनच महिन्यांपूर्वी मी उत्तरपत्रिका तपासल्या होत्या, त्यांनी फाइलमधून मान वर न करता ‘स्वतःची ओळख करून द्या’ असे म्हटले. त्यांचाही नाइलाज असावा. समितीपुढे सर्वांना तेच विचारावे लागते. मी नाव, गाव, टक्केवारी सांगितली. निवडही झाली. मात्र पाचव्यांदा ओळख करून देण्याची वेळ येण्यापूर्वीच मी बी.एड.च्या सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, अर्ज भरला होता.

बी.एड.बद्दल माझ्या मनात फारसा आदर नव्हता. पाठांची टाचणे (आराखडे) लिहिणे आणि तक्ते यांत दोन वर्षे जातात, ही तक्रार पूर्णपणे खोटी नाही. सूक्ष्म अध्यापनाच्या, म्हणजे सहाध्यायांपुढे काही मिनिटे शिकवण्याच्या, सराव पाठात तिशीतले सहाध्यायी नववीतील मुले होऊन बसत आणि मी त्यांना सज्जता प्रवर्तनाचे, म्हणजे नवा घटक सुरू करण्यापूर्वी मुलांना तयार करणारे, प्रश्न विचारत असे, हे आठवले की अजून हसू येते. परंतु शाळेतील सरावाच्या काळात, वर्गाकडे पाठ न करता फळ्यावर लिहिणे आपल्याला येत नाही, हे मला प्रथमच कळले. चार वर्षे महाविद्यालयात शिकवून ते कळले नव्हते.

येथेही प्रतीक्षा आहेच. शिक्षकभरतीसाठी घेतली जाणारी शिक्षक अभियोग्यता चाचणी २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये झाली. मधल्या काळात मी एका विनाअनुदानित शाळेत कमी पगारावर काम केले. शिक्षकभरतीच्या शासकीय ‘पवित्र’ पोर्टलमार्फत २०२४ मध्ये नेमणूक मिळाली, तीही शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे माध्यमिकला तीन वर्षे दरमहा १८,००० रुपये. शिवाय सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे आणि ऑनलाइन माहिती भरणे यांत वेळ जातो तो वेगळाच. मानधन हा शब्द दोन्हीकडे सारखाच असला तरी शाळेत तीन वर्षांनंतर नियमित वेतनश्रेणी ठरलेली आहे, आणि जूनमध्ये माझ्या नावाचे वेळापत्रक मी न विचारता भिंतीवर लागते. मला हा फरक पगाराच्या फरकापेक्षा मोठा वाटला. इतरांना तसा वाटेलच असे नाही.

ज्यांना संशोधनाची मनापासून ओढ आहे, ज्यांना नेटमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळण्याची शक्यता दिसते (सध्या ती दरमहा ३७,००० रुपये आहे) आणि ज्यांच्या घरी पाच-सात वर्षे थांबण्याची तयारी आहे, त्यांनी पहिली वाट सोडू नये. बाकीच्यांना मी एवढेच सुचवेन की एम.एस्सी. अवश्य करावे, कारण अकरावी-बारावीला शिकवण्यासाठी पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. दोन्ही लागतात. सेटही दुसऱ्या वर्षात असतानाच देऊन टाकावी. पण तासिका तत्त्वावरील पहिली नेमणूक स्वीकारण्यापूर्वी बी.एड. पुरे करावे. नंतर ते लांबणीवर पडते, कारण प्रत्येक जूनमध्ये यंदा जागा निघतील असे कोणीतरी सांगतच असते.

नववीच्या पुस्तकात ‘वास्तव संख्या’ हे प्रकरण आहे. वर्गमूळ दोन ही संख्या अपरिमेय असल्याची सिद्धता त्यात येते. गेल्या वर्षी ती फळ्यावर पूर्ण झाल्यावर मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, ‘पण सर, जी संख्या लिहून संपत नाही, ती रेषेवर एका ठिकाणी कशी काय बसते?’ तृतीय वर्षाच्या वर्गात मला हा प्रश्न चार वर्षांत कोणी विचारला नव्हता.