लोकलमध्ये उभ्यानं खेळायला काय घ्यावं: पॅक-मॅन की टेट्रिस?

माझी भाची गेल्या महिन्यापासून डोंबिवलीहून दादरला नोकरीला जाते. परवा तिनं विचारलं, "मावशी, फोनमध्ये एकच गेम ठेवायचा तर कोणता?" मोठ्या ऑनलाइन लढाया तिला नकोत. घाटकोपरला गर्दी आत घुसली की डाव अर्धवट टाकावा लागतो आणि सोबतचे खोळंबतात. दोन-चार मिनिटांत संपणारा, नेटवर्क नसतानाही चालणारा खेळ हवा. मग माझ्या मते निवड या दोघांतच आहे. दोन्हींत हरल्यावर चूक कुठे झाली ते तिथल्या तिथे कळतं आणि "आता जमेल" म्हणत बोट पुन्हा सुरुवातीकडे जातं.

पॅक-मॅन १९८० चा, जपानच्या नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी घडवलेला. चक्रव्यूहात फिरत खायचे २४० ठिपके, चार मोठ्या गोळ्या आणि मागे चार भुतं. बघणाऱ्याला वाटतं, भुतं वाट्टेल तशी फिरताहेत. पण प्रत्येकाचा स्वभाव ठरलेला आहे. लाल भूत थेट माग काढतं. गुलाबी तुमच्या चार घरं पुढची जागा हेरून वाट अडवायला येतं. निळ्याची चाल लाल भूत कुठे आहे त्यावरही ठरते. नारिंगी लांबून अंगावर येतं, पण जवळ पोचलं की आपल्या कोपऱ्याकडे वळतं. मधूनमधून चौघंही पाठलाग सोडतात, तेवढीच उसंत. बाजूच्या बोगद्यात त्यांचा वेग कमी होतो हे मला कळलं, त्या दिवसापासून माझा खेळच बदलला. भीती वाटते, पण ती वाचता येते. हे सुख मला दुसऱ्या कुठल्या खेळात मिळालेलं नाही.

अडचण फोनची आहे. हा खेळ दांडीच्या जॉयस्टिकसाठी बनला. काचेवर बोट घसरतं, वळण हुकतं आणि भूत आलंच. एका हातात वरची कडी असेल तर कुर्ल्याच्या पहिल्याच धक्क्यात डाव गेला म्हणून समजा.

टेट्रिस मॉस्कोमध्ये १९८४ साली अलेक्सेई पाजितनोव यांनी बनवला. वरून पडणारे चार-चार चौकोनांचे सात आकार, १० घरांची रुंदी, २० ओळींची उंची; ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. इथे मागे कुणी लागत नाही. चुकीचा बसलेला तुकडा समोरच राहतो आणि तो निस्तरायला पुढचे तुकडे येतात. आपला घोळ आपल्याच हातानं साफ होताना फार बरं वाटतं. आजच्या बहुतेक आवृत्त्यांत सातही आकार येऊन गेल्याशिवाय नवी फेरी सुरू होत नाही, म्हणून एक काठी, म्हणजे चार चौकोनांचा सरळ तुकडा, आल्यावर पुढची काठी येईपर्यंत मध्ये १२ पेक्षा जास्त तुकडे पडत नाहीत. निन्टेंडोच्या १९८९ च्या जुन्या खेळात ही हमी नव्हती. तरी डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या एका मुलानं तो इतका पुढे नेला की खेळच गोठला. मला ती बातमी वाचून अगदी भरून आलं होतं.

अंगठ्यानं सरकवायचं, टिचकीनं फिरवायचं. टेट्रिस एका हातानं जमतो. सुरुवातीला तुकडे सावकाश पडतात, त्यामुळे उतरणाऱ्यांना वाट देऊनही डाव वाचतो.

नोकियाच्या ६११० या फोनवर १९९७ साली आलेला सापाचा खेळ विसरलेले नाही. पण त्याची खरी मजा बटणांवर होती.

आणखी एक बघावं: दिवसभराचं काम कसलं आहे? माझी भाची दवाखान्यात लोकांच्या वेळा बसवते. तिला संध्याकाळी पुन्हा चौकोन बसवायला लावणं मला पटत नाही. पण सकाळी ती उभी असते, म्हणून तिला टेट्रिसच सांगितला. परतताना ठाण्याला बसायला मिळत असेल आणि दोन्ही हात मोकळे असतील, त्यांनी पॅक-मॅन घ्यावा. कुठलाही घ्या, जाहिराती नसलेला घ्या, थोडे पैसे पडले तरी चालतील. हरल्याबरोबर अर्धा मिनिट साबणाची जाहिरात बघावी लागली, तर "आता जमेल" ही ऊर्मी तिथेच विझते.