ग्लूटेनशिवाय शुगर कुकीज: ज्वारी घ्यावी की तांदूळ?

मराठवाड्यात घरात कुणाला गहू बंद झाला, तर ज्वारी डब्यात असतेच. कुकीजसाठीही माझा कौल ज्वारीला आहे, पण आधी दळणाचं बघा.

गिरणीत आपल्याआधी गहू दळला असेल तर ते पीठ आपल्या ज्वारीत उतरतं. सिलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतडं बिघडण्याचा आजार; तो असलेल्या माणसाला तेवढंही बाधतं. पाकिटावर 'ग्लूटेन फ्री' लिहायला आपल्याकडे किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लूटेनची मर्यादा आहे, यावरून काय ते समजा. घरघंटी असेल आणि तिच्यात गहू कधीच जात नसेल तर खुशाल ज्वारी घ्या. नसेल तर तांदूळ बरा: धुऊन, कडकडीत वाळवून, मिक्सरला थोडा थोडा फिरवायचा आणि वस्त्रगाळ करायचा. ज्वारी मिक्सरवर इतकी बारीक होत नाही.

चवीला तांदळाची कुकी पांढरीशुभ्र आणि कुरकुरीत होते, पण दाताखाली रवाळ लागते. ज्वारीची खमंग, पण हात लावताच भुगा. म्हणून दोन्ही एकत्र करावीत: १५० ग्रॅम ज्वारी, ५० ग्रॅम तांदूळ, १०० ग्रॅम लोणी, ९० ग्रॅम पिठीसाखर, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि गोळा होण्यापुरतं दूध. एक चमचा इसबगोल विसरू नका. ग्लूटेन नसताना पीठ तेच धरून ठेवतं. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला की पीठ ओलावा शोषतं, रवाळपणाही कमी होतो. मग १७० अंशांवर १२ ते १५ मिनिटं. ट्रेमध्ये पूर्ण गार होईपर्यंत उचलू नका.

बाजारातल्या तयार मिक्समध्ये बहुधा झँथन गम, म्हणजे पीठ धरून ठेवणारी पूड, असतो, त्यामुळे साच्याचे आकार सुबक येतात. वाढदिवसाला चांदण्या-फुलं कापायची असतील तर ते घ्या, एरवी महाग पडतं. बाजरी नको, पीठ लवकर कडवट होतं.

आत काय घालायचं? ज्वारीला भाजलेले तीळ आणि शेंगदाण्याचा जाडसर कूट फार शोभतो. नुसत्या तांदळाच्या कुकीला मात्र जालन्याची मोसंबी. सालीचा फक्त वरचा पातळ थर किसून साखरेत बोटांनी चोळा, साखर ओलसर होऊन घमघमाट सुटतो. खालचा पांढरा भाग आला की कडू झालंच. चॉकलेट चिप्स दोन्हींत चालतात, पाकीट वाचून घ्या. केशर आंब्याचा रस घालायचा मोह होईल, पण त्याच्या पाण्याने कुकी मऊ पडते. आंबापोळीचे बारीक तुकडे घाला.