स्कीमा, बिझनेस प्रोफाइल की नीट लिहिलेलं पान: छोट्या व्यवसायानं आधी काय करावं?

दिवाळीच्या आधी कोथरूडच्या एक ताई कोटेशन घेऊन माझ्याकडे आल्या. त्या घरून भाजणी, मेतकूट, गोडा मसाला विकतात आणि आश्विन लागला की फराळाच्या ऑर्डरी घेतात. नव्या वेबसाइटच्या कोटेशनमध्ये शेवटून दुसरी ओळ होती, ‘सर्व ४० पानांना स्कीमा’, आणि पुढे १८,००० रुपये. त्या ओळीवर बोट ठेवून ताईंनी विचारलं, “हे घेतलं तर मी गुगलवर वर येईन का गं?”

नाही. स्ट्रक्चर्ड डेटा, ज्याला आपण रोजच्या बोलण्यात स्कीमा म्हणतो, तो घातला म्हणून निकालातला क्रमांक सुधारत नाही. गुगलनंच हे वेळोवेळी सांगितलं आहे. बदलू शकतं ते दिसणं. निकाल जिथे आहे तिथेच राहतो, पण शीर्षकाखाली किंमत येते, माल शिल्लक आहे की नाही ते येतं, तारे येतात. पाककृती असेल तर फोटो आणि लागणारा वेळ येतो. एकाखाली एक दहा निकाल असले की ज्याच्याजवळ फोटो आणि किंमत आहे त्याच्याकडे नजर आधी जाते. म्हणून स्कीमाला मोल आहे. पण ते सगळ्या पानांना सारखं नाही, आणि लोकांचे पैसे वाया जातात ते इथेच.

आधी हा प्रकार काय आहे ते बघू. भाजणीच्या पानावर ‘अर्धा किलो, १८० रुपये’ लिहिलेलं असलं की माणसाला लगेच कळतं. यंत्राला मात्र १८० ही किंमत आहे, वजन आहे की आणखी काही, याचा अंदाज बांधावा लागतो. स्कीमा म्हणजे त्या पानाच्या कोडमध्ये ठेवलेली चिठ्ठी: ही विकायची वस्तू, हे तिचं नाव, ही किंमत, चलन रुपया, माल शिल्लक आहे. असे सजलेले निकाल गुगलनं २००९ मध्ये दाखवायला सुरुवात केली. जून २०११ मध्ये गुगल, बिंग आणि याहू यांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग हा सामायिक शब्दसंग्रह आणला. त्याच वर्षी यांडेक्स हे रशियाचं सर्च इंजिनही त्यात आलं. या संग्रहात शेकडो प्रकार आहेत. गुगल त्यातल्या मोजक्याच प्रकारांसाठी निकालात काही वेगळं दाखवतं. ‘सर्व पानांना स्कीमा’ असं कोणी म्हणालं की मी पहिल्यांदा विचारते, कोणत्या पानाला कोणता प्रकार, आणि तो गुगल आज दाखवतं का?

दुकान शोधणारा आणि वस्तू शोधणारा

ताईंकडे येणारं गिऱ्हाईक दोन वाटांनी येतं. एक जण ‘कोथरूडमध्ये फराळ’ असं शोधतो. त्याला नकाशासकट जी नावं दिसतात ती मुख्यतः गुगल बिझनेस प्रोफाइलमधून येतात, तुमच्या साइटच्या स्कीमातून नाही. हे खातं, ज्याला २०२१ पर्यंत गुगल माय बिझनेस म्हणायचे, फुकट आहे. वेळ, फोन, फोटो, गिऱ्हाइकांचे अभिप्राय सगळं तिथे राहतं. घरून धंदा करणाऱ्या बायकांना नेहमी एक काळजी असते, घराचा पत्ता जगाला का दाखवायचा? तो लपवता येतो. तुम्ही गिऱ्हाइकाकडे माल पोचवत असाल तर पत्त्याऐवजी फक्त सेवेचा भाग दाखवता येतो: कोथरूड, कर्वेनगर, वारजे, जिथपर्यंत तुमची स्कूटर जाते तिथपर्यंत. फक्त ऑनलाइन विक्री करणाऱ्याला, ज्याची गिऱ्हाइकाशी प्रत्यक्ष गाठच पडत नाही त्याला, हे खातं मिळत नाही.

दुसरं गिऱ्हाईक ‘थालीपीठ भाजणी अर्धा किलो’ असं शोधतं. ते ठाण्यात असेल नाहीतर नागपुरात. त्याला दुकान कुठे आहे याच्याशी देणंघेणं नाही, वस्तू हवी आहे. इथे नकाशा कामाचा नाही आणि प्रॉडक्टचा स्कीमा मात्र खरोखर उपयोगी पडतो.

म्हणजे लक्ष्मी रस्त्यावरचं साडीचं दुकान, जिथे सगळं गिऱ्हाईक पायरी चढून आत येतं, त्यानं आधी प्रोफाइल चोख करावं. स्कीमावर मोठा खर्च करू नये. कुरियरनं माल पाठवणाऱ्यानं उलट. ताई दोन्हीत मोडतात.

दुकानाच्या बाबतीत एका आश्वासनाला लोक फार भुलतात: “तुमच्या नावाखाली निकालात पाच तारे आणतो.” स्वतःच्या दुकानाचे अभिप्राय स्वतःच्याच साइटवर ठेवून स्कीमात घातले, तर त्याचे तारे गुगल सप्टेंबर २०१९ पासून दाखवत नाही. एखाद्या वस्तूच्या पानावर गिऱ्हाइकांनी त्या वस्तूबद्दल दिलेले खरे अभिप्राय असतील तर ते तारे अजून दिसू शकतात. दुकानाचे तारे हवे असतील तर अभिप्राय प्रोफाइलवर मागा.

काय दिसतं, काय बंद झालं

प्रॉडक्ट आणि पाककृती या दोन प्रकारांवर मी डोळे झाकून वेळ घालते. प्रॉडक्टला नावाबरोबर किंमत, अभिप्राय किंवा एकूण मानांकन यांपैकी एक तरी लागतं. पाककृतीला नाव आणि फोटो हवेतच. करायला लागणारा वेळ, साहित्य, किती जणांना पुरेल हे दिलं तर चिठ्ठी भरीव होते. ताईंच्या साइटवर थालीपीठ, मेतकूट-भात, गोड्या मसाल्याची आमटी अशा सहा पाककृती आधीपासून होत्या, त्याही घरच्या स्वयंपाकघरात काढलेल्या फोटोंसकट.

प्रश्नोत्तरांचा स्कीमा, म्हणजे एफएक्यू, अजून सर्रास विकला जातो. एकेकाळी त्यामुळे निकालाखाली उघडझाप होणारे प्रश्न यायचे आणि जागा भरपूर व्यापायचे. ऑगस्ट २०२३ मध्ये गुगलनं ते फक्त नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्यविषयक साइटपुरतं ठेवलं. कृती टप्प्याटप्प्यानं सांगणारा ‘हाऊ टू’ त्याच वर्षी बंदच केला. सदाशिव पेठेतल्या क्लासवाल्यांना ‘कोर्स इन्फो’ म्हणून जे विकलं जायचं, तेही जून २०२५ मध्ये बंद करायच्या यादीत आलं. यातलं काही साइटवर राहिलं तर बिघडत नाही, पण त्यासाठी नव्यानं पैसे मोजू नका. ‘एआयच्या उत्तरात येण्यासाठी खास स्कीमा’ असंही हल्ली कोटेशनमध्ये दिसतं. गुगल म्हणतं की त्याच्या एआय उत्तरांसाठी वेगळा कुठलाही स्कीमा लागत नाही.

प्लगइन की हातानं

चिठ्ठी लिहायच्या तीन पद्धती आहेत: जेसन-एलडी, मायक्रोडेटा आणि आरडीएफए. निवड करायला फार विचार लागत नाही. जेसन-एलडी घ्या, गुगलचीही शिफारस तीच आहे. ती पानात एका जागी वेगळी राहते. मायक्रोडेटा पानाच्या मजकुरात विणलेला असतो, त्यामुळे उद्या कोणी डिझाइन बदललं की धागे तुटतात.

खरा प्रश्न आहे तो प्लगइनचा, म्हणजे साइटला वरून जोडायच्या तयार प्रोग्रामचा. वर्डप्रेस या साइट बनवायच्या प्रणालीवर योस्ट किंवा रँक मॅथसारखं प्लगइन लेख, संस्था, पानांची उतरंड यांचा स्कीमा आपोआप घालतं, आणि वूकॉमर्स या दुकान चालवायच्या प्लगइनवर दुकान असेल तर वस्तूंचा स्कीमा ते स्वतःच घालतं. म्हणजे ताईंच्या ४० पानांपैकी बऱ्याच पानांचं काम आधीच झालेलं होतं. सगळ्यात मोठा फायदा असा, की ताईंनी किंमत बदलली की चिठ्ठीतली किंमतही बदलते. हातानं लिहिलेला स्कीमा काटेकोर असतो, हवं ते घालता येतं, पण किंमत बदलल्यावर तो बदलायची आठवण माणसाला ठेवावी लागते. दिवाळीत हरभरा डाळ महागते, तेल महागतं, दर आठवड्याला चकलीचा भाव हलतो. अशा धंद्यात हातानं लिहिलेली किंमत टिकत नाही. म्हणून वस्तूंना प्लगइन, आणि सहा पाककृतींना, ज्या एकदा लिहिल्या की वर्षानुवर्षं तशाच राहतात, हातानं.

आपोआपचंही धोक्याशिवाय नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्याच एका कामात थीम, म्हणजे साइटच्या दिसण्याचा साचा, एक स्कीमा घालत होती आणि प्लगइन दुसरा. पानावर चिवडा ३६० रुपये, प्लगइनच्या चिठ्ठीत ३६०, आणि थीमच्या चिठ्ठीत जुने ३२०. गुगलच्या निकालात ३२० दिसत राहिले. गिऱ्हाईक फोन करून भांडायचं, आणि त्याचं बरोबर होतं. मी आठ दिवस प्लगइनमध्ये चूक शोधत राहिले. शेवटी पानाचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उघडून ‘प्राइस’ हा शब्द शोधला तेव्हा तो दोनदा सापडला. तेव्हापासून मी नवं काही बसवायच्या आधी पानात आधीच कोणता स्कीमा आहे ते बघते. गुगलचं रिच रिझल्ट्स टेस्ट त्यासाठी पुरतं. पानाचा पत्ता टाकला की ज्या प्रकारांसाठी गुगल निकालात काही वेगळं दाखवतं, त्यांच्या सापडलेल्या चिठ्ठ्या समोर येतात.

मराठी साइटसाठी एक गोष्ट विशेष सांगते, कारण ती मला कुणी सांगितली नव्हती. पानावर किंमत ‘₹ १,२५०’ अशी खुशाल लिहा. चिठ्ठीत मात्र आकडे इंग्रजीच हवेत, स्वल्पविरामाशिवाय, आणि रुपयाचं चिन्ह किंमतीत न घालता चलनाच्या वेगळ्या रकान्यात आयएनआर (INR) हा अक्षरी संक्षेप हवा. स्कीमा डॉट ऑर्गची ही स्पष्ट सूचना आहे. फराळाचा पाच किलोचा डबा हजारावर जातो, तिथे हा स्वल्पविराम नेमका नडतो. नाव आणि वर्णन मराठीत, देवनागरीत ठेवायला काहीच हरकत नाही.

आणि जे पानावर नाही ते चिठ्ठीत घालू नका. न मिळालेले अभिप्राय, न दिसणारी सूट असलं काही गुगलच्या लक्षात आलं तर सजलेला निकाल दाखवणं बंद होतं. त्या कारवाईनं क्रमांक घसरत नाही, पण ज्यासाठी पैसे मोजले तेच जातं. सगळं चोख असलं तरी गुगल दाखवेलच याची हमी नाही, हेही कोटेशनवर सही करण्याआधी ध्यानात घ्या.

ताईंनी काय केलं

मी त्यांची जुनी साइट उघडली. भाजणीच्या पानाचं शीर्षक होतं ‘प्रॉडक्ट ३’, वर्णनाची जागा रिकामी. निकालात सगळ्यात मोठ्या अक्षरात हेच दिसत होतं, आणि कुठलाही स्कीमा ते झाकू शकला नसता. म्हणून पहिल्या दोन संध्याकाळी आम्ही टेबलावर बसून शीर्षकं लिहिली: ‘थालीपीठ भाजणी, अर्धा किलो, घरी भाजून दळलेली’. तिसऱ्या दिवशी बिझनेस प्रोफाइल उघडलं, पत्ता लपवला, सेवेचा भाग भरला, पडताळणीला पाठवलं. मग वस्तूंच्या पानांवर प्लगइनचा स्कीमा तपासला. तीन वस्तूंना फोटो नव्हता, तो घातला. शेवटी सहा पाककृती.

१८,००० ची ओळ ताईंनी पेनानं खोडली आणि शेजारी लिहिलं, ‘पाककृती ६, फक्त याच’. वेबसाइटवाल्यानं तेवढ्याचे वेगळे पैसे सांगितले आणि काम नीट करून दिलं. आता दर सोमवारी ताई सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गुगलला कशी दिसते ते सांगणारं गुगलचंच साधन, उघडतात, प्रॉडक्ट आणि रेसिपीचे दोन अहवाल बघतात आणि लाल काही दिसलं तर मला स्क्रीनशॉट पाठवतात.