कुत्र्यांमधल्या लिशमानियाचा (वाळूमाशीतून पसरणारा परजीवीचा आजार) फॉलोअप: अँटिबॉडी टायटर की सीआरपी?
औषध सुरू होऊन महिना झाला की लोक टायटर (रक्तात या परजीवीविरुद्धच्या अँटिबॉडी किती, तो आकडा) करून घेतात, पण तो उतरायला कित्येक महिने लागतात हो, कुत्रा नीट खायला लागतो, कानाच्या कडेच्या खपल्या जाऊन केस यायला लागतात तरी आकडा जवळपास तिथंच, मग उगाच टेन्शन. सीआरपी (शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं एक प्रोटीन) काही आठवड्यांतच खाली येतो, त्यामुळे औषध लागू पडतंय का हे बघायला सुरुवातीला तोच बरा. फक्त दुसरी जखम, इन्फेक्शन काहीही असलं तरी तो वाढतो. टायटरचा खरा उपयोग पुढे, दर ६ महिन्यांनी, आणि त्याच लॅबमध्ये. उतरलेला आकडा परत एकदम चढला तर आजार उलटल्याची शंका घ्यायची. आणि लघवीतलं प्रोटीन बघायचं सोडू नका, किडनीचं या दोन्हींतून कळत नाही.